डब्याचं झाकण

फरंगिसखानमचं म्हणणं असं, की या देशातली माणसं वाईट नाहीत, त्यांना फक्त विचारता येत नाही. विचारतात, पण एकदाच. एकदा विचारलं की सुटले, तोंड फिरवून मोकळे. आता एकदा विचारण्याला काय विचारणं म्हणायचं? तिकडे इराणात, रश्तमध्ये, टॅक्सीवालासुद्धा भाडं घेताना "राहू द्या हो, तुमच्याकडून काय घ्यायचं" असं दोनदा म्हणायचा, आणि तिसऱ्यांदा मात्र चोख घ्यायचा. त्याला रीत म्हणतात. इथे रीतच नाही, तर बोलायचं कुणाशी आणि काय?

हे सगळं ती लेकीला, तरानेला, इंग्लंडातल्या हडर्सफील्डच्या त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात रोज ऐकवायची. तराने दातांच्या दवाखान्यात कामाला. ती एका हाताने टोस्ट खात, दुसऱ्या हाताने बूट चढवत म्हणायची, "मामान, इथे असंच असतं." मग नातीला शाळेत सोडायला घेऊन जायची, दार लागायचं, आणि संध्याकाळपर्यंत घरात फरंगिस आणि फ्रिजचा आवाज. पावसाबद्दल तिची तक्रार नव्हती. रश्तच्या माणसाला पावसाची तक्रार करायची लाज वाटते. तक्रार होती ती त्या बंद दाराबद्दल.

नवरा गेल्यावर लेकीने तिला इकडे आणलं, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. तिकडे रश्तला ती मुलींच्या एका शाळेत चहाच्या खोलीवर होती, वीसेक वर्षं. सकाळी तिला यायला जरा उशीर झाला तर मोठ्या बाईंचं तोंड उतरायचं, शिक्षिका जिन्यात माना काढून बघायच्या. पगार जेमतेम, पण सकाळी आपली कुणीतरी वाट बघतंय, हे सुख पगारात मोजत नाहीत. इथे तिची वाट कुणीच बघत नव्हतं. लेक जीव लावायची, जावई शब्दाबाहेर नव्हता, पण त्या घरात फरंगिस सोफ्यासारखी होती. सगळ्यांना हवी, आणि कुणाला तिचं काही काम नाही. तिला एकच गोष्ट पाहिजे होती: सकाळी उठून, डोक्याला रुमाल बांधून, जिथे आपली वाट बघतात अशा ठिकाणी जायचं. ते ठिकाण तिच्या हाताशी आलं होतं. आणि तिने स्वतःच, अगदी थाटात, ते घालवलं होतं.

झालं असं, की उन्हाळ्यात नातीच्या शाळेत जत्रा होती. घरोघरचे पदार्थ मांडायचे होते. फरंगिसने ताटभर कुकू नेलं. शेपू, कोथिंबीर, कांद्याची पात अशी हिरवीगार पालेभाजी ठासून, वर अक्रोड पेरून केलेला अंड्याचा जाडजूड थर. शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य पॉलीन नावाची बाई होती. दंडावर सशाचं गोंदण, आवाज असा की चार वर्ग पलीकडे ऐकू जावा. तिने एक तुकडा खाल्ला, दुसरा उचलला, आणि ती म्हणाली, "हे तुम्ही केलंत? अहो, काय हात आहे! आमच्याकडे एक बाई कमी आहे. येता का कामाला?"

फरंगिसला शब्दन् शब्द कळला. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण नंतर सगळ्यांनी, अगदी पोटच्या मुलीनेही, तिला कळलंच नसेल असं धरून चाललं. तिला कळलं होतं. छातीत धडधडलं होतं. म्हणूनच तर तिने उजवा हात छातीवर ठेवला, नजर खाली केली आणि ती म्हणाली, "नाही, नाही. मी कोण? तुम्हाला त्रास नको."

"बरं बरं, काही हरकत नाही हं," पॉलीन हसून म्हणाली, तिसरा तुकडा उचलला आणि सोडतीच्या टेबलाकडे निघून गेली.

फरंगिस तिथेच उभी राहिली. पॉलीन परत येणार, दुसऱ्यांदा विचारणार, मग आपण जरा कमी जोरात नाही म्हणायचं, मग ती तिसऱ्यांदा विचारणार, आणि मग "तुम्ही एवढं म्हणताय तर" असं म्हणायचं. बेत पक्का होता. या बेतापायी ती दुपारभर टेबलापासून हलली नाही. लघवीला जायचं तेही टाळलं. जत्रा संपली, टेबलं दुमडली, रिकामं ताट कुणीतरी तिच्या हातात दिलं. पुढच्या आठवड्यात नातीला आणायला गेली तर स्वयंपाकघराच्या खिडकीत केसांना जाळी लावलेली एक नवी बाई दिसली.

फारसीत या नाही-नाहीला तारोफ म्हणतात. आपल्याकडे पंगतीत आग्रह असतो ना, तसंच. फक्त पंगतीपुरतं नाही, जन्मभराचं. आणि आग्रह करणाराच ताटावरून उठून गेला, तर जेवणाऱ्याने काय करायचं? उपाशी राहायचं. दुसरं काय!

तरानेने मग आईला हाताला धरून गुरुवारच्या वर्गात नेलं. चॅपलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, मागच्या खोलीत गावातली चार-सहा माणसं फुकट इंग्रजी शिकवत. एकेका शिकणाऱ्यासमोर एकेक शिकवणारा, मध्ये चहाची किटली. फरंगिसच्या वाट्याला डोरीन आली. वय चौऱ्याहत्तर, सगळा जन्म बस चालवण्यात गेलेला, शिकवण्याचं कुठलंही शिक्षण नाही. तिला पुस्तक आवडत नसे. "पुस्तकातली माणसं स्टेशन कुठे आहे एवढंच विचारत हिंडतात," ती म्हणायची. "त्यांना ना कधी पाठदुखी होते, ना कुणाशी भांडायचं असतं." त्यामुळे ती शिकवायची ते दवाखान्याच्या खिडकीत काय बोलायचं, दुकानातलं नासकं दूध परत कसं करायचं, आणि बसवाल्याने थांबा चुकवला तर त्याला कसं झापायचं. शेवटचा विषय ती फार रंगून शिकवी. रस्ता सांगायला शिकवताना तिने फळ्यावर चॅपलपासून आपल्या घरापर्यंतची वाट काढली होती. पोस्टापाशी डावीकडे, माशांच्या तळणीच्या दुकानापाशी उजवीकडे, चढावर निळं दार. फरंगिसला ती वाट बोटाने चालून चालून तोंडपाठ झाली होती.

डोरीनजवळ बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असे. दर गुरुवारी ती झाकण काढून डबा पुढे करी, फरंगिस छातीवर हात ठेवून "नको" म्हणे, डोरीन झाकण लावी. दोन महिने हे असंच चाललं. डोरीनची समजूत अशी, की बाईला बिस्किटं आवडत नाहीत. फरंगिसची समजूत अशी, की बाई दिसायला भली आहे, पण कंजूष! डबा उघडते काय, लगेच लावते काय. दाखवायला तरी कशाला उघडायचा?

जत्रेची गोष्ट फरंगिसने एका गुरुवारी सांगितली. तक्रार म्हणूनच सांगितली. "एकदा विचारलं. गेली! मी उभी. पाय दुखले. ती नाही आली."

डोरीन पेन खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिली. "म्हणजे तुला काम हवं होतं?"

"खूप हवं."

"मग नको का म्हणालीस?"

"पहिल्यांदा नको म्हणतात," फरंगिस म्हणाली. एवढी साधी गोष्ट एवढ्या मोठ्या बाईला सांगावी लागते, याचं तिला नवल वाटलं.

डोरीनची नजर हळूहळू डब्याकडे गेली. मग फरंगिसकडे. परत डब्याकडे. "अगं माझे आई," ती म्हणाली, "तुला बिस्किटं आवडतात?"

"फार आवडतात, डोरीनखानम," फरंगिस म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

डोरीन एवढी हसली की शेजारच्या टेबलावरचे धडे थांबले. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि ते पाणी सगळंच हसण्याचं नव्हतं. दोन महिने एक बाई आपल्यासमोर उपाशी बसून होती, हे तिला लागलं. त्या दिवसापासून धडा सुरू झाला तो डब्याचाच. डोरीन डबा उघडायची, एकदा विचारायची. फरंगिस "नको" म्हणाली की झाकण खाडकन बंद, आणि डोरीन तिच्या देखत स्वतः एक बिस्किट कुडुमकुडुम खायची. फरंगिस हळहळायची. "हो" म्हणायला तिची जीभच वळेना. थोरल्यांसमोर पाय पसरून बसल्यासारखं तिला वाटायचं.

"माझी आई वर बघते आहे," ती म्हणाली. "म्हणते, पोरगी हावरट झाली."

"आईला सांग, इथे झाकण लवकर पडतं," डोरीन म्हणाली. "इथे नको म्हणजे नको, हो म्हणजे हो. ज्याने जे म्हटलं ते धरायचं आणि आपल्या वाटेने जायचं. चल, परत. बिस्किट घेणार का?"

शेवटी एकदा फरंगिसने डोळे मिटले आणि "हो!" अशी आरोळी ठोकली. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा चहा सांडला. घरी जाऊन तिने तरानेला सांगितलं, "आज मी निर्लज्ज झाले. दोन खाल्ली."

थंडी पडू लागली तशी शाळेच्या स्वयंपाकघरातली ती नवी बाई काम सोडून गेली. फाटकापाशी पॉलीन आयांच्या घोळक्यात म्हणाली, "कुणाला मदतीला यायचं..." एवढंच तिचं बोलून झालं होतं, तोच गर्दीतून आवाज आला, "हो! मी! हो म्हणजे हो!" सगळ्या वळून बघायला लागल्या. फरंगिसचा हात वर होता आणि तो तिने खाली घेतला नाही. पॉलीन खदखदून हसली. "कुकूवाल्या बाई ना तुम्ही? चालेल की! फक्त स्वच्छतेची परीक्षा तेवढी पास व्हावी लागेल, सगळ्यांनाच लागते. महिनाअखेरच्या मंगळवारी आहे. त्यात नापास झालात तर मात्र माझ्या हातात काही नाही, दुसरी एकजण विचारून गेली आहे."

परीक्षा इंग्रजीत. गरम काय ठेवायचं, गार काय, कच्चं मांस कुठल्या फळीवर, हात कधी धुवायचे. फरंगिसला हे करता सगळं यायचं, पण इंग्रजीत वाचून खूण कुठे करायची, हे येत नव्हतं. डोरीनने बाह्या सरसावल्या. दोन गुरुवार दोघींनी जीव तोडून घासलं. तिसऱ्या गुरुवारी डोरीन आलीच नाही.

"जरा सर्दी आहे म्हणाली फोनवर, येईल," वर्ग चालवणारा माणूस म्हणाला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही ती आली नाही. "ठीक आहे म्हणते. काही नको म्हणते," तो म्हणाला. त्याने तिचा शब्द धरला होता आणि तो आपल्या वाटेने गेला होता. मंगळवार पाच दिवसांवर आला होता. दुसऱ्यांदा झाकण पडलं तर तिसऱ्यांदा कोण उघडणार? पण खरं सांगायचं तर फरंगिसची काळजी नुसती परीक्षेची नव्हती. सर्दी झालेलं माणूस तक्रार करतं, शिंकतं, काढा मागतं. "काही नको" म्हणणाऱ्या माणसाचा भरवसा तिच्या मुलखात कुणी धरत नाही.

शुक्रवारी तिने आश नावाचं दाट सूप केलं. हरभरे, राजमा, शेवया, वर तळलेला पुदिना आणि कांदा. पातेलं शालीत गुंडाळलं, पोटाशी धरलं, आणि चॅपलपाशी जाऊन फळ्यावरची वाट धरली. पोस्टापाशी डावीकडे. तळणीच्या दुकानापाशी उजवीकडे. ती वाट ती कधी चालली नव्हती, पण एकदाही चुकली नाही. चढावर निळं दार होतं.

दार साखळीएवढंच उघडलं. फटीत डोरीनचा अर्धा चेहरा दिसला, विस्कटलेले केस आणि गळ्यात बांधलेला हात.

"अगं बाई, फरंगिस! काही नाही गं, पायरीवरून घसरले, मनगट मोडलं. मी अगदी ठीक आहे."

"मी जेवण आणलं."

"नको गं, कशाला उगीच? माझं झालंय खाऊन."

"मी भांडी घासते. थोडी."

"नको, नको. सगळं ठीक आहे. तू जा घरी, गार पडलंय."

दार लागलं. फरंगिस फाटकापाशी आली. इथे नको म्हणजे नको. हे तिला याच बाईने शिकवलं होतं, बिस्किटं कुडुमकुडुम खाऊन शिकवलं होतं. शिकवलेलं पाळायचं तर घरी जायला हवं. ती चालायला लागली. तळणीच्या दुकानापाशी पोचली आणि थांबली. पातेल्याची ऊब पोटाला लागत होती. दोनदा विचारून झालं होतं. दोनदाच! आयुष्यात तिने कुणाला दोनदा विचारून सोडलं नव्हतं. ती मागे वळली.

"डोरीनखानम," ती दाराला तोंड लावून म्हणाली, "तुम्ही तारोफ करता."

आतून आवाज आला. "मी इथली, यॉर्कशरची आहे. आम्ही असलं काही करत नाही."

"करता! आमच्याहून जास्त. आम्ही तीनदा करतो. तुम्ही मरेपर्यंत करता."

फरंगिसच्या लक्षात आलं, की असं विचारून हे दार उघडणार नाही. ही बाई घेणारी नाही, देणारी आहे. आणि मग जे तिने जन्मात कुणाकडे मागितलं नव्हतं, नवऱ्याकडे नाही, लेकीकडे नाही, ते तिने त्या निळ्या दाराला सांगितलं. "ऐका. मला पाहिजे. मंगळवारी परीक्षा. मला येत नाही. काम गेलं तर मी परत सोफ्यावर. मला तुम्ही पाहिजे. मला. दार उघडा."

साखळी खाली पडल्याचा आवाज आला.

आत बेसिनमध्ये भांड्यांचा ढीग होता. एका हाताने पडदे सरकवता येत नव्हते म्हणून खोली अंधारी होती. टेबलावर बिस्किटांचा डबा होता, उघडा आणि रिकामा. डोरीनने एवढे दिवस त्याच्यावर काढले होते. फरंगिस त्या डब्याकडे बघत राहिली, आणि तिला तेव्हा रडू आलं. तिने पडद्यांकडे तोंड करून ते आवरलं, पडदे उघडले, आणि आश गरम करायला ठेवलं.

डोरीन दोन वाडगे जेवली. "लसूण फार आहे," ती म्हणाली आणि वाडगा पुसून खाल्ला. मग ती चष्मा लावून बसली. "हं. फ्रिजमध्ये कच्चं मांस कुठे?"

"खाली. शिजलेलं वर."

"का?"

"वरून रक्त पडलं तर खालचं जेवण मेलं."

"परीक्षेत असं लिहू नकोस," डोरीन म्हणाली, "पण बरोबर आहे."

शनिवार, रविवार, सोमवार हाच कारखाना चालला. एकीने भांडी घासत उत्तरं द्यायची, दुसरीने धडक्या हाताने टेबल ठोकून चुका काढायच्या. मंगळवारी परीक्षा झाली. बुधवारी निकाल लागला, पास. फरंगिसला शेवटपर्यंत खरं वाटेना. तिने पॉलीनला तीनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा विश्वास ठेवला. सोमवारी सकाळी आठला यायचं ठरलं. "उशीर करू नका हं," पॉलीन म्हणाली, "तुमच्याशिवाय आमचं बटाट्यापाशी अडेल." या वाक्याने फरंगिसचं असं झालं, की चढावरच्या निळ्या दारापर्यंत ती कशी पोचली ते तिचं तिलाच कळलं नाही.

डोरीनने तिला एका हाताने मिठी मारली, ती जरा वाकडीच बसली. मग दोघी जेवल्या. जेवण झाल्यावर फरंगिस म्हणाली, "आता दुपारी मी कामावर. इथे येणं नाही. म्हणून तुम्ही आमच्याकडे या. गुरुवारी, वर्ग झाला की, जेवायला. दर गुरुवारी. तराने पण म्हणते."

"छे गं, नको," डोरीन म्हणाली. "तुमच्याच मागे एवढी कामं, त्यात माझी भर कशाला? मी बरी आहे इथे."

फरंगिसच्या जिभेवर आग्रह तयारच होता. रश्तचा, आईकडून आलेला, कुणाला हार न जाणारा आग्रह. तिने तो गिळला. पातेल्यावर झाकण ठेवलं, खाडकन. कोट घातला. खालच्या बटणापासून सुरुवात करून एकेक बटण लावलं. शाल घेतली. डोरीन खुर्चीत बसून बघत होती. फरंगिस गेली की त्या घरात डोरीनबरोबर जेवायला कुणी बसणार नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं. फरंगिस दारापर्यंत गेली, तिने कडीला हात घातला.

"फरंगिस."

"हं?" ती वळली नाही.

"काही नाही." मग घसा खाकरल्याचा आवाज. "हो."

"काय?"

"हो म्हटलं! येते मी. दर गुरुवारी येते. हो म्हणजे हो." डोरीनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. "अगं, आता झाकण काढ ते. मला अजून थोडं वाढ."

फरंगिसने कोट काढला आणि वाडगा काठोकाठ भरला.